जुईचं तोंड भरलं

"तोंड बघा, तोंड!" पंच म्हणाले. "याला म्हणतात जनावर राखणं."

पंच म्हशींचे जाणकार होते. घोड्यांचे पंच ऐनवेळी आलेच नाहीत, आणि तालुक्याच्या पशुप्रदर्शनात फीत बांधणं काही टळत नसतं, म्हणून त्यांना म्हशींच्या मांडवातून हाताला धरून घोड्यांकडे आणलं होतं. त्यांनी जुईच्या डोळ्यांखालून नाकपुड्यांपर्यंत दोन्ही हात फिरवले. एरवी घोडीचं तोंड तिथे तासल्यासारखं लांबट असतं. जुईचं दोन्हीकडून गोल झालं होतं, बाळसं धरल्यासारखं.

"स्वभाव?" पंचांनी विचारलं.

"लई गरीब झालीय आता," दफेदार जगदाळे म्हणाले. "पूर्वी दावं तोडायची. आता हाक मारली तरी सावकाश येते."

"उत्तम," पंच म्हणाले, कारण म्हशीत हा गुणच धरतात.

निळी फीत जुईच्या गळ्यात पडली. दफेदार लगाम धरून परेडला उभे राहावेत तसे उभे होते. घोडदळातून निवृत्त झालेला माणूस, एक पाय तिथल्याच एका पडण्यात अधू झालेला, पण उभं राहताना ते कळू द्यायचे नाहीत. त्यांच्या मागे इंदूताई होत्या. त्यांनी स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटाला लावून जुईच्या कानामागे टेकवलं आणि पंचांना म्हणाल्या, "आता बास करा वो सायेब. दिष्ट लागंल."

मग फोटोवाला आला. मी बाजूला सरकत होतो, तर दफेदारांनी हाक मारली, "गवतसाहेब, पळताय कुठं? तुमच्याच गवताची घोडी हाय ही."

गवतसाहेब म्हणजे मी. कृषी महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो आणि एका प्रकल्पावर संशोधन सहायक म्हणून लागलो होतो. प्रकल्पाचं नाव 'अश्वव्यवस्थापन, कुरणगवते आणि शेत-पर्यावरण आरोग्य' असं होतं. एवढ्या तीन गोष्टी एकत्र का, असं मी प्रकल्पप्रमुख डॉ. बोरगावकरांना पहिल्याच दिवशी विचारलं. ते म्हणाले, "तीन विभागांकडे अनुदान शिल्लक होतं." पुढे मी प्रश्न विचारले नाहीत.

यातली कुरणगवतं माझ्याकडे होती. बोरगावकर सरांनी 'हरितशालू' नावाचं एक संकरित गवत तयार केलं होतं. थोड्या पाण्यावर कमरेएवढं वाढायचं, कापलं की पुन्हा यायचं. गाईंनी ते खाऊन दूध वाढवलं होतं, अहवालात तसं छापलंही होतं. माण तालुक्यात जिथे चैत्रात जमीन भाजलेल्या भाकरीसारखी दिसते, तिथे हिरवा चौकोन दिसला की माणसं एसटीतून माना बाहेर काढून बघायची. गाय आणि घोडा यांच्यात काही फरक असतो हे प्रकल्पाच्या प्रस्तावात कुठेही आलेलं नव्हतं. माझ्या अभ्यासक्रमातही घोडा नव्हता.

दफेदारांच्या रानात एक जुनं कुरण होतं. मारवेल, पवन्या, असलं आपोआप उगवणारं गवत, पावसाळ्यात गुडघ्याएवढं आणि उन्हाळ्यात काडी. ते त्यांच्या मुलीने, वैजूने, राखलेलं. जुई शिंगरू असताना तिची आई मेली, तेव्हा वैजूने बाटलीने दूध पाजून ती वाढवली आणि त्या कुरणात मोकळी सोडली. रोज सकाळी ती जुईला गव्हाच्या कोंड्याची गूळ घातलेली आंबोण द्यायची. दफेदार म्हणायचे, "अगं, पलटणीत आंबोण फक्त शनवारी. रोज दिली तर घोडं बामण होतंय." वैजू ऐकायची नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वैजूला कावीळ झाली. इंदूताईंनी आधी गावातलं झाडपाल्याचं औषध दिलं. दफेदारांची तेव्हा नोकरी होती, छावणीत घोड्यांच्या स्पर्धा होत्या, ते त्या उरकून निघाले. पोचले तेव्हा साताऱ्याच्या दवाखान्यात चादर वर ओढून झाली होती. या दोन्ही गोष्टी गावात बोलल्या जायच्या. पहिली इंदूताईंच्या पाठीमागे आणि दुसरी दफेदारांच्या पाठीमागे. मला मात्र चहाच्या टपरीवर दोन्ही एकदमच ऐकायला मिळाल्या.

तर आता उरली होती जुई. दफेदारांनी तिच्यासाठी जुनं कुरण स्वतः नांगरलं आणि तिथे हरितशालूचे ठोंब लावले, उन्हाळ्यातही तिला हिरवं मिळावं म्हणून. इंदूताईंनी वैजूची आंबोण सुरू ठेवली, उलट मुठी वाढवल्या. गूळही वाढवला. सकाळी त्यांनी पितळी बादलीची कडी वाजवली की जुई रानाच्या टोकावरून मान वर करायची.

आणि तिचं तोंड भरत गेलं. आपल्याकडे तोंड भरलेल्या जिवाबद्दल कोणी शंका घेत नाही. माहेराहून परतलेली सून असो, सरकारी नोकरीत लागलेला जावई असो, तोंड भरलं म्हणजे सगळं ठीक आहे. जुई चावताना वेळ लावायची, तर इंदूताई म्हणायच्या, "चवीनं खातीय." पळायची नाही, तर म्हणायच्या, "शहाणी झाली." कधी पुढचा पाय आखडून टाकायची, कधी मागचा. पारावरचा तुकाराम न्हावी म्हणाला, "दफेदार, घोडी मालकासारखीच चालाय लागली की." सगळे हसले. दफेदारही हसले.

प्रदर्शनानंतर काही दिवसांनी डॉ. फरीदा मणेर आल्या. त्या पशुवैद्यक, प्रकल्पातलं 'अश्वव्यवस्थापन' त्यांच्याकडे होतं. बाळंतपणाच्या रजेवर असल्यामुळे त्या प्रकल्पात आतापर्यंत फक्त सहीपुरत्या होत्या. मी जीपमध्ये त्यांना अभिमानाने फीत मिळाल्याचं सांगितलं.

"कशासाठी मिळाली?"

"तोंडासाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "जरा जोरात घ्या."

रानात पोचल्यावर त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. थेट जुईपाशी गेल्या आणि बोटाच्या पेराने तिच्या डोळ्याखाली ठोकलं, माठ विकत घेताना ठोकतात तसं. पुन्हा ठोकलं. मग मला म्हणाल्या, "ऐका. इथे आत पोकळी असते. खणखणीत वाजायला हवं." आवाज भिजलेल्या लाकडासारखा आला.

"काय झालं वो म्याडम?" इंदूताई म्हणाल्या. "बसा की. च्या टाकते."

"टाका," मणेर म्हणाल्या. इंदूताई घरात गेल्या. स्वयंपाकघराची खिडकी तबेल्याकडे उघडायची, पण तिच्याकडे तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

मणेर मॅडमनी दफेदारांना सरळ सांगितलं. त्यांना दुसरी पद्धत येत नव्हती.

"हे बाळसं नाही, दफेदार. हाड सुजलंय. या गवतात एक आम्ल आहे, ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं. गाय ते पोटात मोडते, घोड्याला मोडता येत नाही. मग शरीर कॅल्शियम कुठून आणणार? हाडांतून. हाडं आतून रिकामी होतात आणि तोंडाच्या हाडात नुसते तंतू भरतात. वरून दिसतं गुटगुटीत."

दफेदारांनी कुरणाकडे पाहिलं.

"आणखी काय देता?"

"आंबोण. गव्हाचा कोंडा."

"किती?"

दफेदारांनी ओंजळ दाखवली, मग ती मोठी केली, मग हात खाली सोडले.

"कोंडा रोज म्हणजे ह्यावर कडी. तोही हाडांतलं कॅल्शियम ओढतो," मणेर म्हणाल्या. "एकट्या गवताने इतकं झालं नसतं. एकट्या कोंड्यानेही नसतं. दोन्ही आजपासून बंद. लसूणघास आणा, सुकं जुनं गवत आणा, आणि चुनखडीची भुकटी मी लिहून देते ती रोज. पळवायची नाही. बसायची नाही हिच्यावर कोणी. हाडं भरायला महिने लागतील, पण भरतील. तोंड असंच राहील."

"जगंल?"

"पाय सांभाळला तर जगेल."

चहा आला. इंदूताईंनी कपबश्या ठेवल्या आणि विचारलं, "काय म्हनत्यात म्याडम?"

"ताकद कमी हाय म्हनत्यात," दफेदार म्हणाले. "पथ्य दिलंय. औषीद लागू पडायला कोंडा थांबवायचा काही दिवस."

"बरं," इंदूताई म्हणाल्या. एवढंच. मला तेव्हा वाटलं, बाईने फार प्रश्न विचारले नाहीत हे बरं झालं.

बोरगावकर सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते माहितीपत्रकाची मुद्रितं तपासत होते. मुखपृष्ठावर फीत घातलेली जुई, एका बाजूला दफेदार, दुसऱ्या बाजूला अर्धवट मी. "कोंडा घालत होते ना?" सर म्हणाले. "मग ते व्यवस्थापनात आलं. गवताचा काय संबंध?" मुखपृष्ठ तसंच छापायला गेलं.

पुढे मी आठवड्याला एकदा तरी दफेदारांच्या गावी, पिंगळवाडीला जायचो. मला तिथे काम उरलं नव्हतं. पर्यावरण आरोग्याचे नमुने घ्यायला येतो असं मी कार्यालयात सांगायचो आणि विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून आणायचो. ती बाटली कोणी कधी तपासली नाही. दफेदार सकाळी चुनखडीची भुकटी ओल्या लसूणघासात कालवून जुईला भरवायचे. तिला ती आवडायची नाही. ती ओठाने घास बाजूला सारायची आणि घराकडे बघत राहायची. इंदूताई अंगणात यायच्या नाहीत. बादली त्यांनी फडताळावर पालथी घालून ठेवली होती.

हळूहळू फरक पडू लागला. जुई चावू लागली. एके दिवशी तिने दफेदारांच्या खांद्याला दात लावले, पूर्वीसारखे. दफेदारांनी शर्ट बाजूला करून मला तो वळ दाखवला. "बगा," ते म्हणाले. "ही जुनी जुई." मणेर मॅडमनाही बरं वाटलं असावं, कारण त्या नेहमीपेक्षा जास्त रागावल्या. "लाडात येऊ नका. हाडं अजून खडूसारखी आहेत. मी सांगेपर्यंत तिने चालायचं, फक्त चालायचं."

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मी तिथे होतो. दफेदारांनी जुईला कुरणाच्या मोकळ्या टोकाला सोडलं होतं. हरितशालू त्यांनी कापून टाकलं होतं, खाली नुसते खुंट होते. घरातल्या नळाला पाणी नव्हतं. इंदूताई हौदातून पाणी न्यायला बाहेर आल्या, आणि बाकीची भांडी घासायला पडली असल्यामुळे त्यांच्या हातात पितळी बादली होती. हौदाच्या कठड्यावर बादली टेकताना कडी खाली पडली आणि वाजली.

जुईने मान वर केली.

मग ती पळाली. आधी दुडकी, मग एकदम सुटली, शेपटी वर, मान पुढे, सरळ बादलीकडे. कित्येक महिन्यांत पळाली नव्हती. मी तिला पळताना पहिल्यांदाच बघत होतो. आणि मला कबूल केलं पाहिजे, मी आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही.

"अहो!" इंदूताई ओरडल्या. "अहो, पळाली बघा! पळाली!"

दफेदार तबेल्यातून बाहेर आले. त्यांच्या तोंडावर आधी आनंद आला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि घोडदळातली कसलीशी हाळी दिली, थांबण्याची असावी. तोवर काडकन आवाज झाला होता. वाळलेली फांदी मोडावी तेवढाच. जुई पुढच्या पायावर वाकली आणि कुशीवर गेली.

ती ओरडली नाही. उठायचा प्रयत्न करत राहिली.

मणेर मॅडमना बोलवायला मी गावातल्या फोनपाशी धावलो. त्या येईपर्यंत दफेदार तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि इंदूताई थोड्या अंतरावर, बादली तशीच हातात. मॅडमनी पाय पाहिला, उठल्या, दफेदारांकडे पाहिलं. दफेदारांनी मान हलवली. पलटणीत त्यांनी हे पाहिलेलं होतं.

"इंदू, घरात जा," ते म्हणाले.

"न्हाई जात," इंदूताई म्हणाल्या आणि बादली खाली ठेवून दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. मानेत सुई गेली. दोघांचेही हात तिच्या त्या भरलेल्या तोंडावर होते. दफेदारांचा हात वर होता की इंदूताईंचा, मला आठवत नाही.

कुरणातच खड्डा काढला. मोठं जनावर पुरताना वरून मीठ आणि चुना टाकतात. मीठ गावातून आलं. चुना नव्हता. तबेल्याच्या कोपऱ्यात चुनखडीच्या भुकटीची जवळजवळ भरलेली गोणी होती. दफेदारांनी ती उचलून आणली आणि सगळी तिच्यावर ओतली.

माती लोटून झाल्यावर ते मला विहिरीकडे घेऊन गेले. हातपाय धुवायचे होते. खाली वाकूनच ते म्हणाले, "गवतसाहेब, म्याडम आता घरात येतील. इंदू इचारंल कशानं झालं. म्याडमना सांगा, निस्तं गवत म्हना. कोंड्याचं नाव नको. तिला ठाऊक न्हाई. तिनं वैजूच्या हातचं म्हणून घातलं ते. तिला कळलं तर ती जेवायची न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.

"मी नांगरलं, मी लावलं. माझ्यावर येऊ द्या."

मी पुढच्या दाराने घरात गेलो तर इंदूताई चुलीपाशी होत्या. सुतकात चूल पेटत नाही, पण हे जनावर होतं, आणि खड्डा काढणाऱ्या माणसांना चहा द्यायचा होता. त्यांनी मला आत बोलावलं.

"बस बाळा," त्या म्हणाल्या. मला त्या कधी बाळा म्हणाल्या नव्हत्या. "तुझ्या म्याडमला एक सांग. त्यांनी ह्यांना सांगावं, कोंड्यानं झालं. माझ्या कोंड्यानं. गवताचं नाव काढू नका."

"इंदूताई, तुम्हाला..."

"ह्या खिडकीतनं समदं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच ऐकलं. ह्यांनी पोरीचं कुरण सोताच्या हातानं नांगरलं रे. त्या वक्ताला मी नको म्हनत हुते. आता ते मनाला लावून घेत्याल. माझं काय, मी बाईमानूस, मी रडून मोकळी होईन. ह्यांना रडाय येत न्हाई."

मी त्यांनाही सांगतो म्हणालो. आणखी काय म्हणणार?

मणेर मॅडम त्या दिवशी घरात आल्याच नाहीत. जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या. वाटेत मी त्यांना दोन्ही निरोप दिले.  रस्त्यात एक शेळी आडवी आली तेव्हा त्यांनी तिला आणि ड्रायव्हरला दोघांनाही शिव्या दिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दोघांनाही सगळं माहीत आहे."

"हो."

"फक्त दुसऱ्याला माहीत आहे हे माहीत नाही."

"हो."

"मी खोटं सांगत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूलासुद्धा सांगत नाही. म्हणून माझं घरात पटत नाही."

अहवालात त्यांनी खरं ते लिहिलं. दोन्ही कारणं, शास्त्रीय नावांसकट. बोरगावकर सरांनी तो 'अंतर्गत' असा शिक्का मारून कपाटात ठेवला. माहितीपत्रक त्याच सुमारास छापून आलं. हरितशालूच्या मुखपृष्ठावर जुई, आणि खाली 'चाऱ्यातील बदलाने जनावराच्या चेहऱ्यावर आलेले तेज'. ती ओळ माझी नव्हती, पण वाचणाऱ्याला काय कळणार? पुढे किती तरी वर्षं ते कृषी मेळाव्यांत वाटलं जात होतं. एकदा एका माणसाने मला त्यात भजी गुंडाळून दिली.

काही आठवड्यांनी मणेर मॅडम आपणहून म्हणाल्या, "चला, पिंगळवाडीला जाऊन येऊ."

दोघंही ओसरीत होते. दफेदार कुरणातले हरितशालूचे खुंट उपटून आले होते, तळहात सोललेले होते. इंदूताई तांदूळ निवडत होत्या. आम्ही दिसल्यावर दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. दफेदारांनी आधी, मग इंदूताईंनी, एकमेकांच्या नकळत. आपला निरोप पोचला का, असं विचारणारी नजर होती.

मणेर मॅडम सतरंजीवर बसल्या. पाणी प्यायल्या. तांब्या खाली ठेवला आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मी नमुने पुण्याला पाठवले होते. उत्तर आलं."

कुठलेही नमुने पाठवलेले नव्हते.

"जन्मजात होतं," त्या म्हणाल्या. "तिच्या हाडांतच कमी होती. आई लवकर गेली, तेव्हापासूनचं. गवत कुठलंही असतं, आंबोण दिली असती किंवा नसती, हे होणारच होतं. उलट तुम्ही इतकं केलंत म्हणून इतकी वर्षं जगली. कोणाच्याच हातात नव्हतं."

त्या खोटं फार वाईट बोलायच्या. शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखं एका दमात बोलून टाकलं. आवाज शेवटी वर गेला.  मला वाटलं, आता दफेदार उठतील आणि विचारतील, मग गवत बंद का करायला लावलंत?

दफेदार इंदूताईंकडे वळले. "ऐकलंस ना इंदू? जन्मजात हुतं."

"ऐकलं की," इंदूताई म्हणाल्या. "तुमी ऐकलंत न्हवं? गवताचं काय न्हवतं."

"न्हवतं. कोंड्याचं बी न्हवतं."

"न्हवतंच."

"चला, बरं झालं," दफेदार म्हणाले आणि सोललेले तळहात मांडीखाली घेतले.

इंदूताईंनी सूप बाजूला ठेवलं. चहा झाला, मॅडमच्या बाळाची चौकशी झाली, त्यासाठी त्यांनी शेवयांची पिशवी बांधून दिली. मग त्या आम्हाला जीपपर्यंत पोचवायला आल्या. दफेदार ओसरीतच राहिले होते. इंदूताईंनी मणेर मॅडमचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"लई चांगलं सांगितलंत म्याडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमची वैजू गेली तवा साताऱ्याच्या डाक्टरांनी बी अगदी ह्येच सांगितलं हुतं. कोनाच्याच हातात न्हवतं म्हनून." त्यांनी ओसरीकडे एकदा पाहिलं. "तवा बी आमी दोघांनी ऐकून घेतलं हुतं."